काफ्काची ‘द ट्रायल’ कशी वाचावी

फ्रान्झ काफ्काची ‘द ट्रायल’ ही कादंबरी भाषेच्या अंगाने मुळीच अवघड नाही. वाक्ये स्वच्छ आहेत, पात्रे मोजकी आहेत, घटनांचा क्रम बहुतांशी सरळ आहे आणि पुस्तकाची जाडीही बेताचीच आहे. तरीही ती अर्ध्यावर सोडणारे वाचक पुष्कळ भेटतात, आणि शेवटच्या पानापर्यंत पोहोचलेल्यांपैकीही अनेकजण ‘योसेफ के.चा गुन्हा तरी कोणता?’ एवढा एकच प्रश्न घेऊन पुस्तक मिटतात. योसेफ के. हा कादंबरीचा नायक; आरोप न सांगताच त्याला अटक होते आणि एक न्यायालय त्याच्यावर खटला चालवते. या प्रश्नाचे उत्तर कादंबरीत नाही. ते कुठेतरी पेरून ठेवले आहे आणि चतुर वाचकाने ते हुडकून काढायचे आहे, असेही नाही; के.ला जेवढे कळते तेवढेच आपल्यालाही कळते, कारण निवेदन पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्याची पाठ सोडत नाही.

म्हणून वाचायला बसण्यापूर्वी तो प्रश्न बाजूला ठेवावा आणि त्याच्या जागी दुसरा घ्यावा: प्रत्येक प्रसंगात न्यायालयाने के.कडून नेमके काय मागितले, आणि के.ने न मागता काय देऊन टाकले? व्यक्ती आणि सत्ता यांच्या संबंधाविषयी या कादंबरीला जे म्हणायचे आहे ते, माझ्या मते, या दोहोंमधल्या तफावतीत सापडते. पुढच्या सगळ्या सूचना याच प्रश्नाच्या आधाराने केल्या आहेत.

कोणती प्रत घ्यावी

हा तपशील कंटाळवाणा वाटला तरी टाळू नये, कारण या कादंबरीच्या प्रकरणांचा क्रम लेखकाने ठरवलेला नाही. काफ्काने ती ऑगस्ट १९१४ मध्ये लिहायला घेतली आणि जानेवारी १९१५ मध्ये सोडून दिली. प्रत्येक प्रकरणाची पाने त्याने वेगवेगळी ठेवली होती, प्रकरणांना क्रमांक दिले नव्हते, आणि काही प्रकरणे अपुरीच राहिली होती. जून १९२४ मध्ये त्याचे निधन झाले. आपले अप्रकाशित लेखन न वाचता जाळून टाकावे, असे त्याने माक्स ब्रोड या मित्राला लिहून ठेवले होते. ब्रोडने ते मानले नाही आणि १९२५ मध्ये बर्लिनच्या डी श्मीडे या प्रकाशनसंस्थेकडून ही कादंबरी प्रसिद्ध केली. प्रकरणांचा क्रम त्याने स्वतःच्या अंदाजाने आणि काफ्काने मित्रांना वाचून दाखवलेल्या भागांच्या आठवणीवरून लावला. पुढे १९९० मध्ये माल्कम पास्ली यांनी हस्तलिखितावर आधारलेली चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तर १९९७ मध्ये रोलांड रॉइस यांच्या आवृत्तीने हस्तलिखिताच्या छायाप्रती सुट्या पुस्तिकांच्या रूपात देऊन क्रमाचा प्रश्न वाचकापुढे उघडाच ठेवला.

याचा व्यावहारिक अर्थ असा की आपल्या हातातली प्रत ब्रोडच्या पाठावरून आली आहे की पास्लींच्या, हे आरंभीच्या पानांवर पाहून घ्यावे. विला आणि एडविन म्यूर यांचे १९३७ चे इंग्रजी भाषांतर ब्रोडच्या पाठावर आधारलेले आहे. ब्रेऑन मिचेल यांचे १९९८ चे भाषांतर चिकित्सक आवृत्तीवर. दोहोंतला सहज ओळखता येणारा फरक म्हणजे के.च्या शेजारी राहणाऱ्या फ्रॉइलाइन (म्हणजे कुमारी) ब्युर्स्टनरच्या मैत्रिणीवरचे प्रकरण: ब्रोडने ते कादंबरीच्या अंगात घातले, तर पास्लींनी ते अपुऱ्या तुकड्यांमध्ये नेले. पहिल्या वाचनासाठी कोणतीही प्रत चालेल, मात्र अपुरे तुकडे परिशिष्टात दिलेली प्रत मिळाली तर तीच घ्यावी. प्रस्तावना असेल तर ती आधी वाचू नये. या कादंबरीच्या प्रस्तावना न्यायालय म्हणजे काय ते पहिल्या दोन पानांत सांगून मोकळ्या होतात, आणि मग वाचकाला पुढच्या दोनशे पानांत त्या अर्थाशिवाय दुसरे काही दिसेनासे होते.

लेखकाविषयी किती माहिती हवी

फार नको. काफ्का १८८३ मध्ये प्रागमध्ये, जर्मन बोलणाऱ्या ज्यू कुटुंबात जन्मला. १९०६ मध्ये त्याने कायद्यातली डॉक्टरेट घेतली. १९०८ पासून १९२२ मध्ये प्रकृतीमुळे निवृत्त होईपर्यंत तो बोहेमिया राज्याच्या कामगार अपघात विमा संस्थेत नोकरीला होता. कारखान्यांची धोक्यानुसार वर्गवारी करणे, त्यावर मालकांनी केलेल्या तक्रारींना उत्तरे देणे, अहवाल लिहिणे ही त्याची कामे होती. म्हणजे फाइल कशी फिरते, कुठे अडकते आणि तिच्यावर लिहिणारा माणूस कोणत्या सुरात लिहितो, हे त्याने खुर्चीच्या आतल्या बाजूने पाहिलेले होते. कादंबरीतल्या न्यायालयाचे कारकून, त्यांची टिपणे, त्यांचा थकवा हे सारे इतके खरे का वाटते, याचा उलगडा एवढ्या माहितीने होतो.

दुसरी गोष्ट खाजगी आहे. जून १९१४ मध्ये बर्लिनमध्ये फेलिस बाउअर हिच्याशी त्याचा साखरपुडा झाला आणि १२ जुलैला तिथल्याच एका हॉटेलमध्ये, इतरांच्या उपस्थितीत, तो मोडला. त्या बैठकीला त्याने रोजनिशीत ‘हॉटेलमधले न्यायालय’ म्हटले. हस्तलिखितात फ्रॉइलाइन ब्युर्स्टनरचे नाव तो ज्या आद्याक्षरांनी लिहितो ती फेलिस बाउअरचीच आहेत. ही माहिती रंजक आहे, पण तिच्या किल्लीने सगळी कुलुपे उघडायला जाऊ नये. जे न्यायालय प्रत्येक इमारतीच्या माळ्यावर कचेऱ्या थाटून बसले आहे, ते एका मोडलेल्या साखरपुड्यात मावत नाही.

पहिले प्रकरण दोनदा वाचावे

एकदा सलग वाचावे आणि लगेच दुसऱ्यांदा, हातात पेन्सिल घेऊन वाचावे. वहीच्या पानाचे उभे दोन भाग करावेत: डावीकडे ‘मागितले’, उजवीकडे ‘दिले’. प्रसंग सर्वांना ऐकून माहीत असतो. योसेफ के. हा एका मोठ्या बँकेत वरच्या हुद्द्यावर आहे. तिसाव्या वाढदिवसाच्या सकाळी फ्रान्झ आणि विलेम नावाचे दोन पहारेकरी त्याच्या भाड्याच्या खोलीत येतात आणि त्याला अटक झाल्याचे सांगतात. आरोप सांगत नाहीत. त्याची न्याहारी मात्र खाऊन टाकतात.

आता उजवीकडचा रकाना कसा भरत जातो ते पाहावे. पहारेकऱ्यांनी ओळखपत्र मागितलेलेच नसते, के. स्वतः खणांत उलथापालथ करू लागतो, घाईत त्याच्या हाती आधी सायकलचा परवाना येतो आणि मग जन्मदाखला, आणि तो घेऊन तो त्यांच्यापुढे जातो. चौकशीसाठी आलेल्या पर्यवेक्षकासमोर जायचे तर काळाच कोट हवा, असे त्याला सांगितले जाते, तेव्हा तो चिडून कोट जमिनीवर टाकतो आणि म्हणतो की ही काही अजून मुख्य सुनावणी नाही. हे आपण कोणत्या अर्थाने बोललो हे त्याचे त्यालाही कळत नाही, असे निवेदक लगेच नोंदवतो. आरोप माहीत नसलेला, अटक अमान्य असलेला माणूस न्यायालयाची परिभाषा न शिकवता बोलू लागला आहे. प्रतिकाराचे वाक्यच शरणागतीचे झाले आहे. त्यानंतर तो आपला उत्तम काळा पोशाख निवडून घालतो. पुढे तो हास्टरर या सरकारी वकिलाला, म्हणजे आपल्या मित्राला, फोन करण्याची परवानगी मागतो. पर्यवेक्षक ती देतो, फक्त त्यात काय अर्थ आहे हे मला समजत नाही, असे म्हणतो, आणि के. रागाने फोन करणेच रद्द करतो. बंदी कोणी घातली? कोणीही नाही. डावीकडचा रकाना इथे कोरा ठेवावा लागतो.

हेच प्रकरण रात्रीपर्यंत वाचत जावे, कारण सगळ्यांत बोलका प्रसंग तिथे आहे. सकाळची चौकशी शेजारी राहणाऱ्या फ्रॉइलाइन ब्युर्स्टनरच्या खोलीत झालेली असते, म्हणून के. तिची क्षमा मागायला जातो आणि घडले ते समजावून सांगण्यासाठी सकाळचा प्रसंग नाटकासारखा पुन्हा उभा करतो. पर्यवेक्षकाने वापरले होते ते पलंगाजवळचे छोटे टेबल तो खोलीच्या मध्यभागी ओढतो, पर्यवेक्षकाची भूमिका स्वतः घेतो आणि स्वतःच्याच नावाने मोठ्याने हाक मारतो. दिवस उलटण्याआधी के. स्वतःला पुन्हा एकदा बोलावणे धाडतो. पर्यवेक्षकाच्या जागी कोणीही बसले तरी यंत्रणा चालते, हे इथे एका वाक्याचेही भाष्य न करता दाखवले आहे.

याच प्रकरणातली आणखी दोन वाक्ये अधोरेखित करावीत. के. मनाशी म्हणतो की आपण कायद्याच्या राज्यात राहतो, सर्वत्र शांतता आहे, सगळे कायदे जागच्या जागी आहेत. आणि एक पहारेकरी दुसऱ्याला म्हणतो की बघ, याला कायदा माहीत नाही हे हा कबूल करतो आणि त्याच वेळी आपण निर्दोष असल्याचेही सांगतो. पहिले वाक्य नागरिकाचे आहे, दुसरे सत्तेचे. आणि तर्काच्या दृष्टीने पाहिले तर पहारेकऱ्याचे म्हणणे खोडून काढणे वाटते तितके सोपे नाही. त्यावर थोडा वेळ थांबावे, पुढे जाण्याची घाई करू नये.

सुनावणीपासून अडगळीच्या खोलीपर्यंत

पहिल्या सुनावणीचा दिवस के.ला फोनवर कळवला जातो, वेळ कळवली जात नाही. न्यायालये नऊला सुरू होतात म्हणून नऊला पोहोचावे, असे तो स्वतःच ठरवतो. उपनगरातल्या गरीब वस्तीच्या इमारतीत खोली शोधताना त्याला उशीर होतो, आणि आत शिरताच तपास न्यायाधीश त्याला सांगतो की तुम्ही एक तास आणि पाच मिनिटांपूर्वी यायला हवे होते. घड्याळाचा हिशेब करून पाहावा. न्यायालयाने न सांगितलेली, के.ने फक्त मनात धरलेली वेळ न्यायालय त्याच्याविरुद्ध वापरत आहे. त्यानंतरच्या रविवारी तर त्याला कोणी बोलावलेलेही नसते. निरोप आला नाही म्हणजे जायचेच आहे, असे धरून तो जातो. रिकाम्या दालनात न्यायाधीशाच्या टेबलावरची कायद्याची पुस्तके तो उघडतो, तेव्हा त्यांपैकी एकात अश्लील चित्र निघते. हा प्रसंग हसून सोडून देण्यासारखा नाही. न्यायालयाची लायकी के.ला आणि आपल्याला इतक्या लवकर कळलेली असूनही त्याच्या ओढीत काहीही फरक पडत नाही, ही खरी नोंद करण्याची गोष्ट आहे.

या टप्प्यावर दोन रकान्यांच्या पद्धतीचा एक धोका सांगणे आवश्यक आहे. उजवीकडचा रकाना भरत गेला की वाचक हळूहळू के.लाच जबाबदार धरू लागतो, जणू त्याने दुर्लक्ष केले असते तर सारे मिटले असते. हा निष्कर्ष फार सोयीचा आहे, आणि तो टाळण्यासाठीच बहुधा फटक्यांचे प्रकरण तिथे आहे. सुनावणीत के.ने पहारेकऱ्यांच्या लाचखाऊपणाची तक्रार केलेली असते. एका संध्याकाळी बँकेतल्या अडगळीच्या खोलीतून कण्हण्याचा आवाज येतो म्हणून तो दार उघडतो, तर त्याच तक्रारीपायी फ्रान्झ आणि विलेम यांना फटके मारले जात असतात. न्यायालयाची हिंसा खरी आहे, शरीरावर उमटणारी आहे. के. लाच देऊन ती थांबवू पाहतो, पण फ्रान्झ किंचाळतो तेव्हा बँकेतले शिपाई ऐकतील या भीतीने त्याला ढकलतो, बाहेर येतो आणि दार लावून घेतो. दुसऱ्या दिवशी दार उघडल्यावर आत तेच दृश्य तसेच चालू असते. तो शिपायांना ती खोली साफ करायला सांगतो. हे प्रकरण छोटे आहे; ते एका बैठकीत वाचावे आणि ‘दिले’ या रकान्यात के.चे नाव लिहिताना ‘सोसले’ असा तिसरा रकानाही लागतो, हे मान्य करावे.

वकिलाच्या प्रकरणातून पार कसे पडावे

वाचक पुस्तक सोडतात ते मुख्यतः इथे. के.चा काका त्याला हुल्ड या आजारी, वृद्ध वकिलाकडे नेतो, आणि पुढे पानेच्या पाने, परिच्छेद न तोडता, हुल्डचे म्हणणे येत राहते. इथे चाळत पुढे जाण्याचा मोह होतो. त्याऐवजी दोन-तीन पाने मोठ्याने वाचावीत आणि प्रत्येक विधान आधीच्या विधानाला कसे पुसून टाकते यावर लक्ष ठेवावे. उदाहरणार्थ, पहिला अर्ज फार महत्त्वाचा असतो. मात्र तो न्यायालयात वाचला जात नाही, नुसता कागदपत्रांत ठेवला जातो. निकालाआधी सगळे कागद एकत्र तपासले जातात तेव्हा तो वाचला जातो, असे सांगतात. दुर्दैवाने तेही बहुधा खरे नाही, कारण तोवर तो अर्ज सहसा गहाळ झालेला असतो. शेवटी हातात काहीच उरत नाही, तरीही अर्ज करू नये असे हुल्ड एकदाही म्हणत नाही. आशा आणि निराशा यांचे प्रमाण असे राखायचे की माणूस निघूनही जाऊ नये आणि समाधानीही होऊ नये, हे त्या भाषणाचे काम आहे, आणि वाचकाला येणारा कंटाळा हा त्या कामाचाच भाग आहे.

या भागातला विनोद निसटू देऊ नये. वकिलांना दिलेल्या माळ्यावरच्या खोलीच्या जमिनीला भोक आहे. माणूस पडेल एवढे मोठे नाही, पण पाय अडकेल एवढे आहे, आणि पाय अडकला की तो खालच्या मजल्यावर अशिलांच्या डोक्यावर लोंबतो. काफ्काने पहिले प्रकरण मित्रांना वाचून दाखवले तेव्हा तो स्वतः इतका हसत होता की मध्ये मध्ये त्याला वाचता येईना, असे ब्रोडने लिहून ठेवले आहे. गंभीर चेहऱ्याने वाचली तर ही कादंबरी निम्मीच पोहोचते.

हुल्डच्या संथपणाला कंटाळून के. स्वतःच अर्ज लिहायचे ठरवतो, आणि आरोप माहीत नसल्यामुळे त्यात आपले सबंध आयुष्य, प्रत्येक लहानसहान घटना आठवून, तपासून मांडावी लागेल असे त्याला वाटते. बँकेच्या कचेरीत, कामाच्या वेळेत, तो याच विचारात बुडालेला असतो. वहीत हे ठळक लिहावे. एखाद्या सत्तेला एखाद्या माणसाचा पूर्ण जबाब हवा असेल, तर प्रश्न न विचारणे हा त्यासाठी सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

वकिलाकडे राहणारी लेनी, न्यायालयाच्या शिपायाची बायको आणि इतर स्त्रिया यांच्याशी के.चे वागणे आजच्या वाचकाला खटकेल, खटकू द्यावे. तो त्यांच्याकडे मदतीचे साधन म्हणून पाहतो, आणि पुढे तुरुंगाचा पाद्रीही त्याला तू दुसऱ्यांची, विशेषतः स्त्रियांची, मदत फार शोधतोस असे सुनावतो. व्यापारी ब्लॉक याच्याकडे मात्र नीट पाहावे. त्याचा खटला पाच वर्षांहून अधिक काळ चालला आहे, हुल्डच्या नकळत त्याने आणखी पाच वकील धरले आहेत, तो वकिलाच्याच घरातल्या एका अंधाऱ्या कोठडीत झोपतो आणि बोलावणे आले की हुल्डच्या पलंगाशी गुडघे टेकतो. न्यायालयाला काहीही न करता जे साधते त्याचा तो पुरा झालेला नमुना आहे.

चित्रकाराचे तीन पर्याय

न्यायाधीशांची चित्रे काढणारा टिटोरेली के.ला सुटकेचे तीन प्रकार समजावतो. हे पान सावकाश वाचावे. खरी निर्दोष मुक्तता ही केवळ दंतकथांतून ऐकू येते, त्याने स्वतः एकही पाहिलेली नाही. दिखाऊ मुक्ततेत माणूस सुटतो, पण कागद फिरत राहतात आणि सुटून घरी पोहोचण्याआधीच दुसरी अटक होऊ शकते. तिसरा प्रकार लांबणीवर टाकण्याचा: खटला सर्वांत खालच्या पायरीवर कायम खेळवत ठेवायचा, त्यासाठी न्यायाधीशांशी सतत संपर्क ठेवायचा. शेवटच्या दोन्ही प्रकारांत शिक्षा टळते, पण खरी मुक्तताही टळते, असे के. हळू आवाजात, जणू ते कळल्याची लाज वाटून, म्हणतो, आणि चित्रकार त्याला शाबासकी देतो. इथे थांबून विचारावे की या तिन्ही पर्यायांत ‘मला तुमचा अधिकारच मान्य नाही’ असे म्हणण्याची जागा कुठे आहे. चित्रकाराच्या यादीत ती नाही, आणि के.ही तिच्याविषयी विचारत नाही, उलट एकसारखी दिसणारी माळरानाची चित्रे विकत घेऊन बाहेर पडतो. बाहेर पडतो तोही थेट न्यायालयाच्या कचेऱ्यांत, कारण त्या टिटोरेलीच्या खोलीच्या दुसऱ्या दारापलीकडेच आहेत.

कॅथेड्रलमधली दृष्टान्तकथा

कादंबरीच्या या भागासाठी वेगळी बैठक ठेवावी. तुरुंगाचा पाद्री के.ला कायद्याच्या दाराशी आलेल्या खेडूत माणसाची गोष्ट सांगतो. काफ्काने हयातीत या कादंबरीतला जो भाग स्वतः प्रसिद्ध केला तो हाच. १९१५ मध्ये प्रागच्या एका ज्यू साप्ताहिकात ती गोष्ट स्वतंत्रपणे आली. म्हणून आधी ती एकटीच वाचावी, पुस्तक मिटावे आणि आपले मत चार ओळींत लिहून काढावे. त्यानंतरच के. आणि पाद्री यांची चर्चा वाचावी.

गोष्ट अशी: दार उघडे आहे, द्वारपाल बाजूला उभा आहे, आणि माणूस आत जाण्याची परवानगी मागतो. आत्ता नाही, पुढे कदाचित, असे उत्तर मिळते. तो स्टुलावर बसतो, वर्षे जातात, तो जवळचे सगळे लाच म्हणून देतो, आणि द्वारपाल ते घेताना सांगतो की आपण काही करायचे ठेवले असे तुला वाटू नये म्हणून घेतो. मरताना तो विचारतो की इतक्या वर्षांत दुसरे कोणी का आले नाही, तेव्हा कळते की हे दार फक्त त्याच्यासाठी होते आणि आता ते बंद होणार आहे.

बहुतेकांच्या चार ओळी के.सारख्याच निघतात: द्वारपालाने माणसाला फसवले. पाद्री या मताला घाई म्हणतो आणि एकामागून एक अर्थ मांडत द्वारपालाचीच बाजू इतकी भक्कम करतो की फसला तो द्वारपाल, माणूस नव्हे, इथपर्यंत गोष्ट येते. ही चर्चा वाचताना पाद्री न्यायालयाचाच नोकर आहे हे विसरू नये. त्याच वेळी तो एकटाच के.शी काही प्रमाणात प्रामाणिकपणे बोलतो, हेही विसरू नये. सगळे खरे मानण्याची गरज नाही, ते आवश्यक आहे एवढे मानले की पुरे, असे तो म्हणतो, आणि खोटेपणालाच जगाची व्यवस्था केले जाते असे के. उत्तर देतो. हे वाक्य लोक कादंबरीचे तात्पर्य म्हणून उचलतात. निवेदकाने मात्र लगेच पुढे लिहिले आहे की हा त्याचा अंतिम निर्णय नव्हता, तो फार थकला होता. सत्तेविषयीचे अचूक वाक्य सापडणे आणि त्यावर उभे राहण्याचे बळ असणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

एक अर्थ ठरवण्याची घाई

ब्रोडने या न्यायालयात दैवी न्याय पाहिला. नंतरच्या वाचकांनी त्यात हुकूमशाही राजवटींची पूर्वसूचना पाहिली, आणि काफ्काच्या तिन्ही बहिणी नाझी राजवटीत मारल्या गेल्या हे ठाऊक असल्यावर तसे वाचणे टाळणे खरोखर कठीण जाते. तरीही पुस्तक जवळून पाहिले तर दोन्ही अर्थ थोडे तोकडे पडतात. देवाचे न्यायालय म्हणावे तर ते कोंदट, लाचखाऊ आणि हास्यास्पद आहे. हुकूमशाहीचे म्हणावे तर ते के.ला नोकरी करू देते, घरी झोपू देते, वकील बदलू देते, आणि पाद्री तर सांगतो की न्यायालयाला तुझ्याकडून काहीच नको, तू आलास तर ते घेते आणि निघालास तर जाऊ देते. या वाक्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे वाचकाने शेवटचे प्रकरण वाचून ठरवावे.

शेवटचे प्रकरण आणि नंतर

अभ्यासकांच्या मते काफ्काने पहिले आणि शेवटचे प्रकरण आरंभीच, जवळजवळ एकाच काळात लिहिले. त्यामुळे दुसऱ्या वाचनात ती दोन्ही लागोपाठ वाचावीत. एकतिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी टॉप हॅट घातलेले दोन गृहस्थ येतात, तेव्हा कोणीही कळवलेले नसताना के. काळे कपडे घालून बसलेला असतो. वर्षापूर्वी ज्या काळ्या कोटावरून तो भडकला होता, तो आता सांगावाही लागत नाही. वाटेत एक पोलीस संशयाने जवळ येतो, आणि के.च त्या दोघांना ओढून पुढे नेतो.

दगडखाणीत ते सुरी काढतात आणि त्याच्या डोक्यावरून एकमेकांकडे देत राहतात. ती आपण घ्यावी आणि स्वतःच स्वतःला भोसकावी हे आपले कर्तव्य आहे, हे के.ला स्पष्ट कळते. तो तसे करत नाही. त्यासाठी लागणारी शक्ती ज्याने आपल्याला दिली नाही, या शेवटच्या चुकीची जबाबदारी त्याच्यावर, असे तो मनाशी म्हणतो. सबंध कादंबरीत न्यायालयाला न मागता सगळे मिळाले; ही एक गोष्ट त्याला स्वतःच्या हातांनी करावी लागते. के.चा हा नकार आहे, दुबळेपणा आहे की दोन्ही, यावर मतभेद होतील, आणि गटात वाचत असाल तर चर्चेसाठी याहून चांगली जागा नाही. मी त्याला नकार म्हणतो, अपुरा असला तरी. कारण उजव्या रकान्यात लिहिण्यासारखे त्या क्षणी काहीही नसते.

अपुरे तुकडे यानंतर वाचावेत, आणि त्यांतही हास्टररवरचा तुकडा आधी. त्यात कायदेपंडितांच्या रोजच्या बैठकीत मान मिळवून बसलेला, वरिष्ठांच्या ओळखीने सुखावणारा के. दिसतो. अधिकाराच्या उतरंडीची त्याला किती आवड होती, हे त्या पानांतून कळते, आणि मग पहिल्या प्रकरणातला न केलेला फोन पुन्हा काढून वाचावासा वाटतो.